निदान आणि उपचार यांचा एकच वाहक

कर्करोगावरील पुष्कळशा औषधांचा मोठा दोष असा की, ती रोगट व निरोगी पेशींत पुरेसा भेद करीत नाहीत. असे औषध बहुवारिकाच्या, म्हणजे लहान रेणूंच्या दीर्घ साखळ्यांच्या, अब्जांश कणात बसवावे आणि त्याच कणाला प्रतिमेत उमटणारे द्रव्य जोडावे. म्हणजे औषध कोठे पोहोचले हे वैद्याला पाहता येईल, अशी ही कल्पना आहे. ‘थेरानॉस्टिक्स’ हे तिचे इंग्रजी नाव दोन शब्दांची मोडतोड करून जुळविलेले आहे. मराठीत ‘निदानोपचार’ हा समास अधिक सुबोध ठरावा.

या विचाराचा एक पाया जपानमध्ये घातला गेला. अर्बुदातील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात व तेथील लसीकेचा निचरा दुर्बल असतो; त्यामुळे मोठे रेणू आत झिरपतात आणि तेथेच साचतात, असे मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये दाखविले. माएदांचे ‘स्मँक्स’ हे बहुवारिकबद्ध औषध यकृताच्या कर्करोगात आयोडीनयुक्त तेलात मिसळून रोहिणीवाटे दिले जाई. आयोडीन क्ष-किरणांना अडविते. साहजिकच ते तेल अर्बुदात कोठे टिकून राहिले हे चित्रात दिसे. काटेकोर अर्थाने हा कण नव्हे. पण कल्पना तीच.

तथापि उत्साहाला आवर घालणारा एक आकडा आहे. प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचे जे समालोचन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात टोचलेल्या अब्जांश कणांपैकी अर्बुदापर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के आढळले. उरलेल्यांपैकी पुष्कळसे यकृत व प्लीहा अडवून ठेवतात. शिवाय सर्व रुग्णांची अर्बुदे सारखीच सच्छिद्र नसतात. प्रतिमेचे खरे मोल येथेच आहे : ज्याच्या अर्बुदात कण साचतच नाहीत असे दिसेल, त्याला ते विषारी औषध देत राहण्याचे टाळता येईल.