नाव झाकून चव घ्या!

शिक्षक मित्रहो, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत हिरडा वेचतात, तर नारायणगावच्या बाजूला द्राक्षांचे मळे आहेत. १९८० च्या दशकात याच नारायणगावी शॅम्पेनसारखी फसफसणारी वाइन तयार होऊ लागली. २००९ साली पुण्यात जागेवरच बिअर बनवून देणारे ठिकाण सुरू झाले. पुढे गोव्यात जिनच्याही नव्या भट्ट्या निघाल्या. आता हौशी माणसे चार पेले पुढे ठेवतात, घोटघोट चाखतात आणि ‘माझी आवडती’ कोणती ते सांगतात.

पण हे ठरवते कोण? जीभ, नाक, की बाटलीवरचे नाव? हे शोधायला मद्य लागत नाही. वर्गात तर ते नकोच. हिरडा, धणे आणि लिंबाचे सरबत एवढे पुरे.

जिभेचे काम

गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटोत, डाळीच्या कढणात असते ती) या पाच चवी जीभ ओळखते. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, असा नकाशा जुन्या पुस्तकांत असे. तो चुकीचा आहे. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात. बिअरचा कडूपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांतून येतो.

आता हिरड्याचा डाळीएवढा तुकडा चघळा आणि थुंकून टाका. (हिरडा रेचक आहे, गिळू नका.) तोंडाला कोरड पडते. हिरड्यातील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. आयुर्वेद तुरट हा सहा रसांपैकी एक मानतो. आजचे शरीरशास्त्र त्याला मुख्यतः स्पर्श म्हणते. लाल वाइनचा तुरटपणाही असाच. तिथे टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येते.

नाकाचे काम

नाक चिमटीत धरून चार धणे चावा. फारसे काही कळणार नाही. आता नाक सोडा. धण्याचा स्वाद एकदम ‘उमटतो’! तोंडातील वास घशामागून नाकात जातो आणि आपण त्यालाच चव म्हणतो. जिनमध्ये जुनिपरची फळे मुख्य असतात, आणि त्यांच्या जोडीला बहुतेक वेळा धणेच! म्हणजे जिनची आवड ही बरीचशी नाकाची आवड आहे. पेय फार थंड असेल तर वास कमी सुटतो, म्हणून चाखणारे ते बर्फगार घेत नाहीत.

डोळ्यांची ढवळाढवळ

फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला गेला. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. शिकलेले नाकही डोळ्यांचे ऐकते!

करून पाहा

यावर उपाय ‘त्रिकोणी चाचणी’. १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यात ती वापरली गेली. लिंबाचे सरबत दोन प्रकारचे करा. एकात साखर किंचित जास्त. प्रत्येक मुलाला तीन सारखे पेले द्या: दोन एका प्रकारचे, एक दुसऱ्याचा. वेगळा कोणता, ते त्याने ओळखायचे. पेल्यांचे क्रम सहा होतात, म्हणून १२ मुले घ्या आणि प्रत्येक क्रम दोघांना द्या. एकमेकांची उत्तरे कानावर पडू देऊ नका.

नुसत्या अंदाजाने तिघांत एक, म्हणजे १२ पैकी साधारण ४ बरोबर येतील. ८ किंवा जास्त बरोबर आले, तर तो केवळ योगायोग असण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी. मग फरक खरोखर कळतो असे म्हणता येईल. ‘आवडते कोणते?’ हा प्रश्न त्यानंतरचा. ज्यातला फरकच कळत नाही, त्यात आवडते निवडणार कसे?

आणि जाता जाता एक गोष्ट. उत्तरपत्रिका तपासताना आपण वरचे नाव आधी वाचतो. हुशार म्हणून ठरलेल्या मुलाचे अर्धे उत्तर आपल्याला पुरे वाटते, तर दुसऱ्याच्या पुऱ्या उत्तरात उणीव दिसते. पुढच्या चाचणीला नावावर कागद चिकटवून तपासा. गुण बदलतात का, ते पाहा.