लसणीचं नाव

हार्बर लाइनवर वाशीच्या खाडीपुलाआधीचं शेवटचं स्टेशन मानखुर्द. इथल्या आमच्या इमारतीत नाताळच्या तोंडावर एका दारातून सिरक्याचा आंबूस वास आला, की समजायचं, गोव्याच्या आंटींनी विंदालू घातलं. लोणचं घालतात, तसंच हेही घालायचं. यंदा मी शेजारी पाट घेऊन बसले.

काश्मिरी मिरच्या सिरक्यात भिजत होत्या. सिरका माडाच्या सुरेचा, गावाहून आलेला. रेंदेर माडावरून सूर उतरवतो. ती आंबत ठेवली की काही आठवड्यांत तिचा सिरका होतो. आंटी लसूण सोलत होत्या. एक गड्डा संपला, दुसरा संपला, तिसरा फोडला. मग मिरच्या, लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद असं सगळं त्याच सिरक्यात वाटलं.

"पाण्याचा थेंब नको हां. पाणी लागलं की टिकत नाही."

डुकराच्या मटणाचे चरबीसकट तुकडे होते. त्यांना मीठ आणि वाटण चोळून ते काचेच्या भांड्यात झाकून ठेवले. ॲल्युमिनियम चालत नाही, आंबट त्याला खातं.

"आणि बटाटा?" हॉटेलातल्या विंदालूत मी तो पाहिला होता.

"कशाला? सगळा मसाला तोच पिऊन बसतो!"

बटाटा तिथे आला तो नावाच्या गैरसमजातून. मूळ पोर्तुगीज नाव 'कार्न द विन्या दाल्यूश'. कार्न म्हणजे मांस, विन्यु म्हणजे वाइन, आल्यु म्हणजे लसूण. आंबट आणि लसणीत मुरवलेलं मांस टिकतं, म्हणून ही रीत. मदैरा बेटावर ते आजही नाताळला करतात. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे त्यांच्या या पदार्थात वाइनच्या जागी सुरेचा सिरका आला, इथले मसाले आले, आणि त्यांनीच अमेरिकेतून आणलेली मिरचीही आली. कोकणी जिभेवर नाव झिजून विंदालू झालं. हिंदी कानाला त्याच्या शेपटात 'आलू' ऐकू आला.

मराठी माणसाने तरी फसू नये. आपला 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला, आणि गोव्यातही तोच चालतो. पदार्थात तो असता, तर नावात 'बटाटा'च असता.

दुसऱ्या दिवशी आंटींनी विंदालू मंद आचेवर, अंगच्या रसात आणि चरबीत शिजवलं. आणखी एक रात्र मुरू दिलं. तिसऱ्या दिवशी वाटी आणि पाव आमच्या घरी आले.

पहिल्या घासाला आंबट लागलं, मग लसूण. तिखट सगळ्यात शेवटी, घशाशी. नावातही क्रम तोच आहे, आधी विन्या, मग आल्यु. विलायतेतल्या करी हाउसांनी ज्या तिखटासाठी विंदालूला प्रसिद्ध केलं, त्या मिरचीला नावात जागाच नाही.