टीबी रोखणारी तांदूळ-डाळ

टीबीवरच्या ताज्या संशोधनातलं माझं सगळ्यात आवडतं औषध किराणा दुकानात मिळतं! झारखंडमधल्या ४ जिल्ह्यांत झालेला हा 'राशन्स' अभ्यास. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने २,८०० टीबी रुग्णांच्या घरच्या १०,३४५ माणसांवर लक्ष ठेवलं. सगळ्या रुग्णांना औषधांसोबत महिन्याला १० किलो शिधा दिला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांनाही माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. बस्स, एवढंच.

२०२३ मध्ये निकाल 'लॅन्सेट'मध्ये आला: घरच्यांनाही शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि प्रयोगशाळेच्या तपासणीत पक्क्या झालेल्या फुप्फुसाच्या टीबीत ही घट ४८ टक्क्यांच्या आसपास!

कारण सरळ आहे. टीबीचा जंतू शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. उपासमारीने प्रतिकारशक्ती ढासळली की डोकं वर काढतो. रुग्णांमध्येही, ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यू बरेच कमी दिसले.

म्हणून टीबी केंद्रात वजनकाटा धूळ खात पडलेला दिसला, तर जरूर विचारा.