पीअर-टू-पीअर डाउनलोडचा वेग

पीअर-टू-पीअर डाउनलोडचा वेग म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरऐवजी अनेक वापरकर्त्यांच्या संगणकांकडून एखादी फाइल तुकड्यातुकड्यांनी मिळण्याचा वेग होय. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला बिटटॉरेंट हा या पद्धतीचा सुपरिचित प्रोटोकॉल असून लिनक्सची अनेक वितरणे त्याद्वारे उपलब्ध करून दिली जातात.

१०० मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेच्या जोडणीवर सेकंदाला कमाल १२.५ मेगाबाइट उतरू शकतात. प्रत्यक्ष वेग मात्र समोरच्या संगणकांवर ठरतो. पूर्ण फाइल जवळ असणारे वापरकर्ते, म्हणजे सीडर, मोजकेच असतील तर महागडी जोडणीही निरुपयोगी ठरते.

अपलोडचा परिणाम

बिटटॉरेंट देवाणघेवाणीवर चालते. मूळ रचनेत प्रत्येक संगणक दर १० सेकंदांनी आपल्याला अधिक वेगाने तुकडे देणाऱ्यांची निवड करून त्यांनाच तुकडे पाठवतो. नवागतांना संधी मिळावी म्हणून एक जागा दर ३० सेकंदांनी बदलती ठेवलेली असते. त्यामुळे अपलोड जवळजवळ बंद ठेवणाऱ्याचे डाउनलोडही मंदावते. याउलट अपलोडची संपूर्ण क्षमता वापरल्यास डेटा पोहोचल्याच्या पोचपावत्या अडकतात आणि परिणाम तोच होतो. म्हणून अपलोडवर क्षमतेपेक्षा थोडी कमी मर्यादा घालणे हितावह असते. एडीएसएल जोडण्यांमध्ये अपलोड मुळातच तुटपुंजे असल्याने ही अडचण अधिक जाणवे. भारतातील ब्रॉडबँडची व्याख्याही डाउनलोडवरच बेतलेली आहे: किमान वेग २००४ मध्ये २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट प्रतिसेकंद असा ठरवण्यात आला.

सामायिक आयपी पत्ता

आयपीव्ही४ पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. अशा घराला बाहेरून थेट जोडणी करता येत नाही. ते स्वतः इतरांशी संपर्क साधू शकते, पण त्याच स्थितीतील दुसऱ्या घराशी संपर्क जुळणे अवघड होते. राउटरवरील बाह्य पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असल्यास हा प्रकार असल्याचे समजते. तेव्हा राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. सार्वजनिक पत्ता मागून घेणे किंवा आयपीव्ही६ वापरणे हे उपाय उरतात.

घरातील जोडणी

पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीसारख्या दाट वस्तीत शेजारच्या घरांचे वाय-फाय एकमेकांत व्यत्यय आणते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात परस्परांवर न येणाऱ्या वाहिन्या सर्वसाधारणपणे १, ६ आणि ११ या तीनच धरल्या जातात. संगणक केबलने राउटरला जोडताच वेग वाढला, तर अडथळा सेवादात्याकडे नसून घरातील वाय-फायमध्ये आहे असे निदान करता येते.