गाडी वेग का घेत नाही?

आपल्या स्मरणिकेत मधुमेह, गुडघेदुखी आणि लसीकरण या विषयांवरील लेखांची वाण कधीच नसते. या खेपेस मी एका निराळ्या रुग्णाविषयी लिहीत आहे. जन्म २००८ सालचा. पेट्रोलवर चालणारी, अकराशे सीसीची लहान गाडी. मुख्य तक्रार : पेडल दाबले तरी वेग घेत नाही. बनावटीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष बनावटीचा नव्हता. थोडा वयाचा आणि बराचसा मालकाचा होता.

२०२५ च्या पावसाळ्याअखेरीस एका रविवारी आम्ही नारेश्वरला रंग अवधूत महाराजांच्या दर्शनास गेलो होतो. परतताना महामार्गाला लागण्यापूर्वीच्या अरुंद रस्त्यावर पुढे वाळूचा ट्रक होता. समोरचा रस्ता मोकळा दिसला म्हणून तिसरा गिअर टाकून मी पेडल तळापर्यंत दाबले. एरवी अशा वेळी गाडी सहज पुढे झेपावत असे. त्या दिवशी ती ट्रकच्या मध्यापर्यंत गेली आणि जणू तेथेच अडकली. समोरून बस आली. ब्रेक लावून पुन्हा ट्रकमागे येण्याइतका अवकाश मिळाला, एवढेच आमचे नशीब. मागे बसलेल्या सासूबाईंनी त्यानंतर घर येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

पुढचे तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये ये-जा करीत राहिली. स्पार्क प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर धुतले, पेट्रोलमध्ये टाकावयाचे एक महागडे औषधही झाले. बिल वाढले; गाडी होती तशीच राहिली. शेवटी ‘आता वय झाले, काढून टाका’ असा सल्ला मिळाला. नेमके निदान न करता एकामागून एक प्रतिजैविके देणाऱ्या वैद्यावर आपण किती टीका करतो! येथे मी स्वतःच तसा रुग्ण झालो होतो, आणि ‘आधी तपासा, मग बदला’ असे म्हणण्याचे भान मला राहिले नव्हते. ज्या बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढून यंत्रविद्या शिकवावयास आरंभ केला, तेथील रहिवाशाला हे शोभणारे नव्हे.

बालरोगतज्ज्ञाकडे ‘मूल वजन घेत नाही’ ही तक्रार नित्याची असते. तेव्हा आपण मनात तीन कप्पे करतो. मुलाच्या पोटात पुरेसे जात नाही. जाते पण अंगी लागत नाही. किंवा अंगी लागते, परंतु हृदयविकारासारखे काहीतरी ते खर्चून टाकते. मंद गाडीचेही कप्पे तीनच. इंजिन पुरेशी शक्ती निर्माण करीत नाही; करते पण ती चाकांपर्यंत पोहोचत नाही; किंवा पोहोचते आणि चाकांना मागे धरून ठेवणारे काहीतरी ती गिळून टाकते. कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी यांपैकी कप्पा कोणता हे ठरवता आले, तर निम्मे काम झाले असे समजावे. त्यासाठी लागणाऱ्या पहिल्या चाचण्यांना पैसाही पडत नाही.

अखेर रावपुऱ्यातील एका वृद्ध मेकॅनिककडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडले नाही. स्टुलावर बसून त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, हे एकदम झाले की हळूहळू? इंजिन थंड असताना होते की तापल्यावर? अ‍ॅव्हरेज किती कमी झाले? आणि त्याच्या आधी गाडी बसून होती का?” रुग्णेतिहास घेण्याची ती पद्धत पाहून मी मनातल्या मनात ओशाळलो. आम्ही दोघे सहा आठवडे मुलीकडे गेलो होतो. ऐन पावसात गाडी हँडब्रेक ओढून अंगणात उभी होती. परतल्यावर अ‍ॅव्हरेज पंधरावरून अकरावर आले होते आणि थांबल्यावर कधीकधी जळका वास येई. तो वास मी नारेश्वरच्या रस्त्यावर ट्रकच्या माथी मारला होता. यातले काहीही मी आधीच्या गॅरेजमध्ये सांगितले नव्हते. तेथे कोणी विचारलेही नव्हते.

त्यांनी प्रथम दुसरा कप्पा रिकामा करून दाखवला. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटर वेग असताना पेडल झपकन् पूर्ण दाबावयाचे. इंजिनाचा आवाज आणि फेरे भराभर चढले, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच प्लेट झिजून घसरते आहे. आमच्या गाडीत फेरे आणि वेग एकमेकांचा हात धरून, रडतखडत का होईना, बरोबरच चढत होते. म्हणजे क्लच निर्दोष.

मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० चा वेग असताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडून दिली. इंजिन मात्र चालू ठेवावे. ते बंद केल्यास ब्रेकचे साहाय्य जाते आणि पेडल दगडासारखे होते. निरोगी गाडी अशा वेळी रेंगाळत दूरवर जाते. आमची गाडी थोड्याच अंतरात, कोणी मागून पदर धरावा तशी, थांबली. खाली उतरून त्यांनी तळहाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, नेली. मागील डाव्या चाकातून तव्यासारखी धग येत होती. उजवे चाक कोमट होते. जॅकवर उचलून हाताने फिरवता उजवे सहज फिरले, डावे कण्हत अडले. हँडब्रेकची केबल तिच्या आवरणात गंजून ताणलेल्या स्थितीतच अडकली होती. दांडा खाली जात होता, पण डाव्या चाकातील ब्रेक सुटत नव्हता. इंजिन इमानाने काम करीत होते आणि त्याच्या कमाईचा मोठा भाग एका ड्रममध्ये उष्णता होऊन जात होता.

ब्रेक अडकणे हा नुसता मंदपणाचा प्रश्न नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. सतत तापलेल्या चाकातील ब्रेक ऑइल उकळू लागले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि गरजेच्या क्षणी पेडल पोकळ लागते. टायर व बेअरिंगही त्या उष्णतेने खराब होतात. म्हणून पावसाळ्यात गाडी दीर्घकाळ ठेवावयाची असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत व हँडब्रेक मोकळा सोडावा. टायरमधील हवा कमी असली तरी गाडी अशीच, सौम्य प्रमाणात, जड होते. ती सर्वांत आधी पाहावी.

माझ्या रुग्णाचे निदान झाले. वाचकांच्या गाडीचे तेच असेल असे नाही. चाके मोकळी आणि क्लच ठीक असेल, तर दोष पहिल्या कप्प्यात, म्हणजे इंजिनात. इंजिनाला हवा, इंधन, ठिणगी आणि मोकळा उच्छ्वास हवा. प्रथम एकाने पेडल पूर्ण दाबावे व दुसऱ्याने बॉनेट उघडून थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते पाहावे. सैल झालेली केबल किंवा पेडलखाली सरकलेली जाड चटई यांनीही गाडी ‘आजारी’ पडते! प्लग काढून त्यांचा रंग पाहणे म्हणजे जीभ पाहणे. फिकट तपकिरी हा आरोग्याचा रंग. काजळीसारखा काळा असल्यास पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक असल्यास उलट. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला, तर त्या सिलिंडरची ठिणगी वा इंजेक्टर तपासावा. अशी गाडी मंद तर असतेच, शिवाय थरथरते. सुरुवातीला बरी चालणारी गाडी लांब चढावर दम टाकू लागली, तर पेट्रोलचा फिल्टर वा पंप संशयित. पावागडच्या माचीपर्यंतचा घाट ही आपल्याकडील उत्तम ‘स्ट्रेस टेस्ट’ होय.

उच्छ्वासाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जुन्या गाडीत आतून तुटून वा वितळून तुंबतो. दम्याच्या मुलाप्रमाणे गाडीला श्वास घेता येतो, पण सोडता येत नाही. उभी असताना ती ठीक वाटते. वेग मागितला की गुदमरते. याची परीक्षा आपल्याला आपलीशी वाटावी अशी आहे, कारण तिचे माप पाऱ्याच्या इंचांत होते. बडोद्यासारख्या सखल ठिकाणी निरोगी इंजिन उभ्या स्थितीत साधारण १७ ते २१ इंच निर्वात दाखवते. फेरे अडीच हजारांवर स्थिर धरले असता हा आकडा हळूहळू घसरत गेला, तर मार्ग तुंबला आहे.

ई २० पेट्रोलविषयी दोन शब्द. माझाही पहिला संशय त्यावरच होता. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून २० टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. अ‍ॅव्हरेजमधील तेवढी घट समजण्यासारखी आहे. पंधराचे अकरा होणे म्हणजे चतुर्थांशाहून अधिक घट; तिचे खापर इथेनॉलवर फोडता येत नाही. त्याचे उपद्रव वेगळे आहेत. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, टाकीतील साचलेला मळ सुटून फिल्टरमध्ये येतो आणि ते पाणी शोषते. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत मात्र शक्ती दहाएक टक्के कमी होणे स्वाभाविक, कारण सिलिंडरमधील हवेची जागा वायू घेतो. मे महिन्यातील दुपारी एसी लावून लहान इंजिनाकडून चपळाईची अपेक्षा करणेही व्यर्थच.

हे सर्व ठीक असूनही गाडी उठत नसेल, तर कॉम्प्रेशन मोजावे. एका सिलिंडरचा आकडा इतरांहून बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर व्हॉल्व्ह गळत असण्याची शक्यता अधिक. ‘वय झाले’ हा निष्कर्ष या चाचणीनंतर काढावयाचा असतो, आधी नव्हे. आमच्या गाडीचे चारही सिलिंडर एकसारखे निघाले. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर केलेले नोंदणीचे नूतनीकरण २०२८ पर्यंत आहे. नवी केबल काही शे रुपयांची होती. पुढच्या पौर्णिमेला आम्ही पुन्हा नारेश्वरला गेलो. त्याच रस्त्यावर ट्रकही भेटला. सासूबाईंनी मला त्याच्या मागेच राहावयास सांगितले, आणि मी राहिलो.