सहज म्हणून सायकल

रविवारच्या सकाळी पुण्यातील एखाद्या पेठेतून पन्नाशीचे गृहस्थ साधी काळी सायकल घेऊन बाहेर पडले, तर वाटेत भेटणारा परिचित त्यांना हमखास विचारतो, "काय हो, गाडी बंद पडली वाटते?" त्याच रस्त्याने शिरस्त्राण, अंगाबरोबर बसणारा रंगीत पोशाख आणि अरुंद चाकांची परदेशी सायकल असा सरंजाम घेऊन एखादा तरुण निघाला, तर त्याला विचारले जाते, "आज किती किलोमीटर?" पहिल्या प्रश्नात थोडी कीव असते, दुसऱ्यात थोडे कौतुक. सायकल चालविणारा मनुष्य एक तर नाइलाजाने ती चालवीत असला पाहिजे, नाही तर काही पराक्रम करावयास निघाला असला पाहिजे, हे दोन्ही प्रश्नकर्त्यांनी गृहीत धरलेले असते. हवा बरी आहे, सायकल हाताशी आहे, तेव्हा घटकाभर फिरून यावे, ही तिसरी शक्यता कोणाच्या मनातही येत नाही.

ही तिसरी शक्यता समाजाच्या मनातून कशी पुसली गेली आणि तिच्याबरोबर काय गेले, याचा विचार करण्यासारखा आहे. कारण प्रश्न केवळ एका वाहनाचा नाही. बेताच्या मिळकतीच्या माणसाने आपला रिकामा वेळ कशात घालवावा आणि त्या आनंदासाठी त्याला किती पैसे मोजावे लागावेत, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

कारकुनाची सुटी

सायकल जन्मली तीच मुळी हौसेची वस्तू म्हणून. १८१७ साली जर्मनीतील कार्ल फॉन द्राइस याने पायांनी जमीन रेटीत पुढे न्यावयाचे दुचाकी यंत्र केले, तेव्हा ते लोकांना एक गमतीचे खेळणे वाटले. पुढे उंच चाकाच्या सायकली आल्या. त्यांवर चढणे धाडसाचे आणि पडणे धोक्याचे होते. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी रचना केली. तीन वर्षांनी बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या धावेचे एकस्व घेतले. आपल्या लहान मुलाच्या तिचाकीचे हादरे कमी व्हावेत, हा त्याचा मूळ हेतू होता. या दोन सुधारणांनी आजची सायकल सिद्ध झाली. त्यानंतरच्या दशकात लंडनमधील धनिक स्त्रीपुरुष बागांतून सायकली मिरवू लागले.

परंतु श्रीमंतांची हौस अल्पायुषी असते. त्यांचे लक्ष मोटारीकडे वळले आणि सायकली स्वस्त होत, हातोहात फिरत, सामान्यांच्या घरी आल्या. एच. जी. वेल्स याची 'द व्हील्स ऑफ चान्स' ही १८९६ सालची कादंबरी या स्थित्यंतराची साक्ष आहे. तिचा नायक कापडाच्या दुकानातला नोकर आहे. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे वाकणे हा त्याचा व्यवसाय. वार्षिक सुटी मिळताच तो एका जुन्या, जड सायकलीवर बसून दक्षिण इंग्लंडच्या रस्त्यांवर निघतो. सायकल धड चालविता येत नाही, नडग्या सोलवटून निघालेल्या आहेत. पण रस्त्यावर तो कोणाचा नोकर नसतो. त्याला कोठे वेळेवर पोहोचावयाचे नसते. त्याच सुमारास, १८९४ साली, 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी बर्मिंगहॅम येथे सायकल मंडळ स्थापन केले. मतप्रचार हे त्यांचे काम होतेच, पण गिरण्या-कारखान्यांच्या गावांबाहेर पडून मोकळी हवा खाणे हाही त्यांना चळवळीचाच भाग वाटे. अल्प वेतनाच्या माणसाला विश्रांती जशी हवी तशी मौजही हवी, हे त्या पिढीने ओळखले होते.

तासाच्या भाड्याची चैन

भारतात सायकल आली ती विलायतेहून. स्वातंत्र्यानंतर तिचे कारखाने येथेच उभे राहिले. मद्रासला १९४९ साली, सोनिपतला १९५१ साली, आसनसोलला १९५२ साली आणि लुधियानाला १९५६ साली सायकलींचे उद्योग स्थापन झाले. त्यांच्या सायकलींचा घाट एकच: अठ्ठावीस इंची चाके, काळा रंग, दांड्यांचे ब्रेक, भक्कम कॅरियर आणि सुमारे वीस किलो वजन. ही सायकल मुख्यतः कामासाठीच घडविलेली होती. दूधवाला, पोस्टमन, गिरणीतला कामगार, शाळेतला शिक्षक यांचे ओझे तिने वर्षानुवर्षे वाहिले.

तरीही याच कष्टाळू यंत्रातून लोकांनी मौज काढून घेतली. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात आणि महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांतही तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. मुले पैसे साठवून एका तासाची सायकल घेत. सीटवरून पाय पुरत नसत म्हणून नळीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत. तो तास कोठे जाण्यासाठी नसे. त्याच त्या मैदानाला घातलेल्या फेऱ्या, ढोपराला झालेली जखम आणि तास संपत आल्याची हुरहूर एवढाच त्याचा हिशेब असे. पालिकेच्या कराचा बिल्ला चाकाला नसला, रात्री दिवा नसला किंवा मागे मित्र बसलेला असला, तर पोलिसाला चुकवून पळणे हाही त्या खेळाचा भाग होता. महाविद्यालयातले विद्यार्थी सुटीच्या दिवशी टोळीने खडकवासल्याला जात आणि पाण्यात पाय सोडून परत येत. या सगळ्याला कोणी छंद किंवा व्यायाम म्हटले नाही. नाव नव्हते म्हणून त्याची किंमतही कोणी केली नाही. आणि ते गेले तेव्हा गेल्याची नोंदही झाली नाही.

प्रतिष्ठेचे दोन फेरे

१९७२ साली लूना आली. स्कूटरसाठी तर लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. पायडल मारण्याचे श्रम वाचले हे खरे, आणि ज्याला रोज वीस-पंचवीस किलोमीटर तुडवावे लागत होते त्याने सुटकेचा निःश्वास टाकला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु श्रमाबरोबर आणखी एक गोष्ट घडली. सायकल ही मागे राहिल्याची खूण ठरली. मुलाला नोकरी लागली की घरातली सायकल जिन्याखाली जाई आणि तेथेच गंजे. २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला तोही त्याच वर्षी. दोन वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला, अ‍ॅटलासचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला. दैवाची अशी थट्टा एखाद्या नाटककाराने लिहिली असती तर ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटली असती.

दरम्यान सायकल दुसऱ्या दाराने परत आली. आता तिची किंमत काही ठिकाणी मोटारसायकलीहून अधिक असते. ग्रॅममध्ये वजन मोजले जाते, प्रत्येक फेरीची नोंद यंत्रावर होते आणि ती चारचौघांना दाखविली जाते. वेगाच्या साधनेची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून जाणाऱ्या स्पर्धकांचे कौतुक पिढ्यांनी केले आहे. १९२३ साली मुंबईहून निघून १९२८ साली सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतलेल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तरुणांचे साहस आजही थक्क करते. परंतु शर्यत हा सायकलीचा एक उपयोग आहे. तोच एकमेव आदरणीय उपयोग आहे, असे वातावरण झाले की साधी सायकल असलेला मनुष्य पुन्हा जिन्याकडे पाहतो आणि तेथेच थांबतो. पूर्वी 'आता आपल्याला स्कूटर परवडते' म्हणून त्याने ती टाकली. आता 'आपल्याला चांगली सायकल परवडत नाही' म्हणून तो तिला हात लावीत नाही.

साधेपणाचा गुण

वस्तुतः सहज फिरावयाचे तर साधी सायकल उणी पडण्याऐवजी अधिकच सोयीची ठरते. तिच्यावर पाठ ताठ ठेवून बसता येते. त्यामुळे नजर रस्त्याच्या डांबरावर न खिळता कुंपणावरच्या जास्वंदीपर्यंत, गच्चीवरच्या वाळवणापर्यंत पोहोचते. मोठी चाके आणि लांबट सांगाडा खड्ड्यांचे हादरे पोटात घालतात. पायडलाच्या एका फेऱ्यात ती सुमारे पाच मीटर जाते, म्हणजे मिनिटाला चाळीस फेरे असे संथ मारले तरी तासाला बारा किलोमीटर होतात. ती देवळाबाहेर वा चहाच्या टपरीशी निर्धास्त उभी करता येते. पंक्चर झाली तर नाक्यावरचा माणूस पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून, बुडबुडे पाहून, काही मिनिटांत ठिगळ लावून देतो. चाकाचा आउटही तोच काढतो. नवी घेतली तरी तिला काही हजार रुपये पडतात, आणि बहुतेक घरांत ती नव्याने घ्यावीही लागत नाही.

शास्त्रज्ञांनीही तिचा गौरव केला आहे. १९७३ साली एस. एस. विल्सन यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात दाखवून दिले की, वजन आणि अंतर यांच्या हिशेबाने सर्वांत कमी शक्ती खर्चून प्रवास करणारा कोणी असेल, तर तो सायकलीवर बसलेला माणूस. प्राणी आणि यंत्रे दोन्ही त्याच्या मागे पडतात. हा गुण सायकलीच्या किंमतीवर अवलंबून नाही. छर्रे जागेवर असावेत, साखळीला तेल असावे आणि चाकांत हवा असावी, एवढे पुरे.

या सहज आनंदाला कोणी क्षुल्लक म्हणेल, तर त्याने तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्याचा इतिहास आठवावा. १९९१ च्या सुमारास तेथील साक्षरता मोहिमेत, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने, ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविण्यात आली. पी. साईनाथ यांनी नोंदविल्याप्रमाणे सायकल शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या लाखाच्या घरात गेली. त्यांत शेतमजूर होत्या, खाणींत काम करणाऱ्या होत्या, अंगणवाडीसेविका होत्या. टोमणे मारणारे होतेच. पण लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, बसची वाट न पाहणे हे सारे लाभ झाले. परंतु त्या स्त्रियांनी आवर्जून सांगितले ते स्वतःच्या मर्जीने कोठेही जाता येण्याचे अप्रूप. ज्या स्त्रीच्या प्रत्येक पावलाला कारण द्यावे लागत होते, तिने विनाकारण फिरावे, यात केवढे स्वातंत्र्य आहे!

रस्ता कोणाचा?

यावर एक आक्षेप रास्त आहे. पहाटे डबा अडकवून कामावर जाणाऱ्या मजुराला सायकल ही मौज नाही. त्याच्यापुढे मौजेच्या गोष्टी करणे ही थट्टाच नव्हे काय? तशी ती होऊ शकते. परंतु मजुराच्या जिवाला सायकलीपासून धोका नाही. धोका आहे तो रस्त्यापासून. आणि रस्ता सुधारण्याची मागणी करण्यास त्याला ना वेळ आहे, ना कोणी त्याचे ऐकतो. शिक्षक, कारकून, विद्यार्थी आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया पुन्हा सायकलीवर दिसू लागल्या, तर त्या मजुराच्या वाट्याचा रस्ताही मागितला जाईल. ज्या वाहनावर केवळ निरुपाय झालेले लोक बसतात, त्याच्यासाठी कोणतीही पालिका रस्ता राखून ठेवीत नाही.

कोलंबियाच्या बोगोटा शहराने याचे उदाहरण घालून दिले आहे. तेथे १९७४ साली काही नागरिकांच्या पुढाकाराने मोठे रस्ते काही तास मोटारींना बंद करून सायकलींना मोकळे करण्याचा प्रयोग झाला. आता रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते असे मोकळे असतात. श्रीमंत आणि गरीब वस्त्या त्याच रस्त्यांनी जोडल्या जातात आणि तेथे येणाऱ्याला कोणी सायकलीची किंमत विचारीत नाही. मुंबईतही २०२२ साली पोलिसांनी रविवारच्या सकाळी काही रस्ते वाहनांना बंद करून पाहिले, तेव्हा मुलांनी ते भरून गेले होते. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. परंतु बांधलेल्या मार्गांवर अनेक ठिकाणी मोटारी उभ्या असतात आणि हातगाड्या लागतात. नवे मार्ग बांधण्यास कोट्यवधी रुपये लागतील. असलेला रस्ता रविवारी चार तास मोकळा ठेवण्यास काही अडथळे आणि थोडा निर्धार पुरेसा आहे.

तोवर निदान जिन्याखालची सायकल बाहेर काढता येईल. तिच्या चाकांत हवा भरावी, साखळीला तेल द्यावे, घंटी वाजते की नाही ते पाहावे. वाटेत परिचिताने "गाडी बंद पडली वाटते?" असे विचारलेच, तर ओशाळण्याचे कारण नाही. "नाही, सहज निघालो आहे," एवढे उत्तर द्यावे आणि पुढच्या वळणावर, जिकडे सावली दिसेल तिकडे, हँडल वळवावे.