काचेच्या कपाटातला समुद्र

भागवतात एक कथा आहे; तिचा एक पाय उज्जयिनीत, तर दुसरा थेट समुद्रात आहे. सांदीपनींच्या आश्रमातले अध्ययन संपवून कृष्णाने गुरुदक्षिणा विचारली, तेव्हा गुरूंनी प्रभासक्षेत्री सागरात बुडालेला आपला पुत्र मागितला. कृष्ण सागरात उतरला, शंखरूपाने तेथे वावरणाऱ्या पंचजन नावाच्या असुराला त्याने मारले, आणि त्याच्या उदरात मूल नाही असे दिसल्यावर त्याच्या अंगचा शंख तेवढा घेऊन तो बाहेर आला. पाञ्चजन्याची उत्पत्ती ती ही. शंख हाती येण्यापूर्वी शंखातला जीव मरावा लागतो, ही गोष्ट पुराणकाराने लपवलेली नाही. ती विसरलो आपण.

उज्जैनला खरा समुद्र नाही. रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर अशी भारदस्त नावे मिरवणारी सात तळी आहेत आणि अधिकमासात सप्तसागरांची यात्राही होते, परंतु खारे पाणी येथून शेकडो मैल दूर. तरीही समुद्र येथे घरोघरी पोहोचला आहे: देवघरात शंख, बटव्यात कवड्या, आणि मंगळनाथ ही साक्षात मंगळाची जन्मभूमी मानली गेल्यामुळे कितीतरी बोटांवर मंगळाचे रत्न, पोवळे. हे तांबडे पोवळे मूळचे भूमध्य समुद्रातले. नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ते घडवीत आले आहेत. त्याची फांदी वर्षाला अर्ध्या मिलिमीटरनेही जाड होत नाही. म्हणजे करंगळीएवढी जाडी यायला माणसाची एक पिढी सहज खर्ची पडते. समुद्रतळ खरवडून ते ओढून काढणाऱ्या अवजारांना युरोपीय संघाने १९९४ साली मज्जाव केला, तोवर पुष्कळ नुकसान होऊन चुकले होते.

शिंदेशाहीत येऊन येथे रुजलेल्या मराठी घरांपैकी एका घरातल्या काकूंकडे माझे लहानपणापासून जाणेयेणे आहे. तीस वर्षांपूर्वी काका-काकू सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी अंदमानास गेले होते. तेथून आणलेला, मेंदूसारख्या वळ्यांचा पांढराशुभ्र प्रवाळाचा गोळा आणि चार ठिपकेदार कवड्या त्यांच्या शिसवी काचकपाटात आहेत. कपाटाच्या वर भिंतीवर एक चौकट टांगली आहे. तिच्यात वाळलेल्या पानाच्या शिरांसारखी काळी जाळी असून दृष्ट लागू नये म्हणून ती कोणा आप्ताने भेट दिली. तिचे नाव इंद्रजाल. समुद्रातली दुर्मिळ वनस्पती म्हणून ती विकली जाते, पण ती वनस्पती नव्हेच. ती आहे सागरपंखा किंवा काळे प्रवाळ, सहस्रावधी सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा. (घोरपडीचे गुप्तांग वाळवून ‘हत्था जोडी’ नावाची मुळी म्हणून खपवणारे महाभाग याच बाजारातले.)

काकूंच्या कवड्या आजही तुपाचा हात फिरवल्यासारख्या चमकतात, आणि ती चमकच त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. जिवंत कवडीचा प्राणी आपल्या मऊ प्रावाराने कवच बाहेरूनही झाकून घेतो, म्हणून ते तुकतुकीत राहते. आपल्या मरणाने मेलेल्या कवडीचे कवच मात्र वाळूत घासून, उन्हात तापून निस्तेज होते. अर्थात दुकानातली झगझगीत कवडी बहुधा जिवंत धरून, आतला जीव उकळून वा कुजवून काढलेली असते. प्रवाळाचेही तसेच. जिवंत प्रवाळ रंगीत असते, किनाऱ्यावर लाटांनी लोटलेले झिजून बोथट झालेले असते. ज्याच्या वळ्यांच्या कडा बोटाला टोचतात आणि जे दुधासारखे पांढरे आहे, ते बहुधा जिवंतपणी उखडून मग धुऊन काढलेले.

२००१ सालच्या जुलै महिन्यात भित्ती रचणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, सागरपंखे आणि समुद्रघोडे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस बसवण्यात आले. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कैद आणि दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. प्रवाळ मेलेले होते, वाळूत सापडले, ही सबब कायद्यापुढे चालत नाही. सगळेच शंखशिंपले निषिद्ध नाहीत, परंतु कोणते निषिद्ध हे प्रवाशाला ओळखता येत नाही, आणि अंदमानच्या विमानतळावर सामानाच्या तपासणीत प्रवाळ निघाले की त्याचा चेहरा खरोखरच निरागस असतो.

‘एका शिंपल्याने काय होते?’ हा प्रश्न स्पेनमधल्या एका पुळणीवर शास्त्रज्ञांनी मोजून पाहिला. तीस वर्षांच्या अंतराने केलेल्या गणनेत पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते, आणि शिंपले साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. रिकामा शिंपला हे कुणा खेकड्याचे घर असते, आणि झिजून तोच पुळणीची वाळू होतो. सार्डिनिया बेटावर २०१९ साली एका फ्रेंच दांपत्याच्या गाडीत चौदा बाटल्यांतून चाळीस किलो वाळू सापडली. आठवण म्हणून नेत होतो, असे त्यांचे म्हणणे.

माझ्या मते किनाऱ्यावरची जप्ती हा शेवटचा उपाय आहे. तेथे अंमलदाराच्या हाती लागते ते कलेवर. मागणी जन्म घेते ती समुद्र न पाहिलेल्या गावांत. २०२८च्या सिंहस्थाला कोट्यवधी यात्रेकरू येतील, त्यांतील कित्येकांना इंद्रजालाची चौकट प्रसाद वाटेल. तेव्हा दुकानदाराला परवाना विचारणे जितके आवश्यक, तितकेच उपाध्यायांनी यजमानाला ‘ही वस्तू शास्त्रात बसत नाही’ असे ठणकावणे आवश्यक. पाटीपेक्षा गुरुजींचा शब्द या गावात अधिक चालतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

काकूंना हे सारे सांगितले, तेव्हा त्यांनी एक कवडी हातात घेऊन तिच्या दातेरी फटीत बराच वेळ पाहिले. “म्हणजे हिला उकळली होती रे?” मी मान हलवली. “आणि तो गोळा क्षिप्रेत सोडला तर?” गोड्या पाण्यात काय, समुद्रात सोडला तरी तो पुन्हा जिवंत व्हायचा नाही, असे म्हटल्यावर त्यांनी कवडी जागेवर ठेवली, कपाट लावले, आणि किल्ली कमरेला खोचून त्या चहाचे पाहायला आत गेल्या. इंद्रजाल अजून भिंतीवर आहे.